संदेशचा ट्रे

(वर्तकनगर, संध्याकाळ. सासू शालन, सून मृणाल. बाल्कनीत केळीचं पान तसंच पडलेलं.)

शालन – खीर-वडे दुपारपासून तसेच आहेत. वर्षश्राद्धाला कावळा शिवत नाही, म्हणजे माझ्या संदेशचा जीव कशात तरी अडकलाय.

मृणाल – आई, तिसऱ्या मजल्यावर कावळे येतात तरी कुठे?

शालन – तो बघ, समोरच्या टाकीवर. नुसता बघतोय. तू संदेशचा तो ओव्हनमधला ट्रे कर. बोटीवर नोकरीला असताना शिकून आलेला, तो.

मृणाल – तो अमेरिकन केजन मसाल्याचा? श्राद्धाच्या पानावर कोलंबी?

शालन – आमच्या गावी तिखटाचं, मटण-मासळीचं पानही ठेवतात. कर.

मृणाल – मी कधी केलेलं नाही. तुमचा मुलगा ओव्हनला हात लावू द्यायचा नाही. बटाटे आणि मका आधी टाकायचा, एवढं बघितलेलं.

शालन – आणि कोलंबी?

मृणाल – शेवटी. नाहीतर रबर होते. तुम्ही सॉसेज कापा. तो केजन मसाला तेलात कालवून सगळ्याला चोळायचा. एकावर एक नको, नीट पसरा.

शालन – हा वास मला दर रविवारी येतो. ओव्हन बंद असतो तरी.

मृणाल – मलाही येतो. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही.

शालन – सकाळी मोहन्याहून तुझ्या भावाचा फोन होता ना? तुझ्यासाठी बघितलेल्या त्या स्थळाचं?

मृणाल – हो.

शालन – काय सांगितलंस?

मृणाल – अजून काहीच नाही. बाजूला व्हा, ट्रे गरम आहे.

शालन – वाढ लवकर. अंधार पडला की जाईल तो कावळा. संदेश, खा रे बाळा. तुझ्या बायकोला मी जन्मभर सांभाळीन. कुठे जाऊ देणार नाही.

मृणाल – कठड्यापर्यंत आला होता, मागे सरकला तो.

शालन – मग काय हवंय रे तुला? किती तंगवशील आईला?

मृणाल – आई, रडू नका. आत चला.

शालन – थांब जरा. संदेश, ऐक. नाही अडवत मी हिला. हिच्या भावाला मीच फोन करून हो सांगते. माझी मी राहीन.

मृणाल – आई, काय बोलताय?

शालन – शिवला. बघ, कोलंबी उचलली. सुटला गं माझा मुलगा.

मृणाल – सुटला. पण तुम्ही मायलेकांनी ठरवून टाकलंत, आई. मला कुणी विचारलंच नाही.