श्रद्धापत्राखालची ओळ

टेनेसीतल्या त्या गावात औषधांच्या दुकानात रांग लागली होती. लोरेटाच्या पुढे चर्चच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक होते: कालच नोकरी गेलेला हार्लन आणि त्याचा जुना मित्र ऑरिन.

"बायबलातली सृष्टीची कथाच खरी मानतो, या कॉलेजच्या श्रद्धापत्रावर सोळा वर्षं मुकाट सही केलीस, मग यंदाच खाली ओळ खरडायची काय खाज आली तुला?" ऑरिननं विचारलं.

"उत्क्रांती खोटी आहे असं मी शिकवणार नाही, एवढंच लिहिलं."

"अरे, ते पत्र वाचतं कोण? मी दर ऑगस्टला न वाचताच सही ठोकतो."

"आणि वर्गात?"

"वर्गात तू शिकवतोस तेच शिकवतो. फक्त उत्क्रांती न म्हणता 'काळानुसार बदल' म्हणतो. डीनलाही ठाऊक आहे. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत तेच विचारतात ना!"

"मग मलाच का काढलं?"

"तू लिहून दिलंस, बाबा."

रांग पुढे सरकली. लोरेटानं नजर हातातल्या चिठ्ठीत खुपसली.

"हार्लन, सोमवारपासून तुझा वर्ग माझ्याकडे आलाय. जीवाश्मांवरची तुझी वही देशील? तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही रे."

"घरी ये. घेऊन जा."

"उपकार झाले. पहिलं पान तेवढं फाडून ठेव. त्यावर तुझं नाव आहे."