बोलपटातला माळी

तुम्ही हसाल, पण आमच्या शेजारचे गणपतराव एका बोलपटापायी पोरीचं कॉलेज बंद करून बसले होते. गणपतरावांचा भाजीचा मळा. त्यांची सुमन मॅट्रिक झालेली, अमरावतीच्या कॉलेजात जायचं ठरलेलं. तेवढ्यात अकोल्यात कॉलेजवरचा एक विनोदी बोलपट लागला. कॉलेज कसं असतं ते डोळ्यांनी पाहावं म्हणून गणपतराव गेले. मीही गेले, मला टाळून कोण जाणार?

काय तो बोलपट! पोरं सायकलीवरून गाणी म्हणतात, एकजण तर लुगडं नेसून पोरींच्या वसतिगृहात शिरतो. शेवटपर्यंत पुस्तक कोणी उघडलं नाही.

घरी येताच गणपतराव गरजले, "हे कॉलेज? हा तर निस्ता तमाशा हाय! सुमन कुठं जात नाई."

पोर रडकुंडीलाच आली. मी कुंपणावरून विचारलं, "अन् भाऊजी, त्यातला माळी कसा वाटला?"

"माळी? भर दुपारच्या उन्हात वांग्याले पाणी देऊन राहिला होता तो! धोतराले चिखलाचा एक डाग नाई! बनवणाऱ्यानं जन्मात मळा पाह्यला नसन."

सुमन डोळे पुसत म्हणाली, "मंग बाबा, कॉलेज तरी त्यानं कुठं पाह्यलं असन?"

चार दिवसांनी अमरावतीच्या गाडीत तिची पेटी गणपतरावांनीच चढवली.

आता सुमन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजवरचा राग केव्हाच गेला. त्या माळ्याचा विषय काढला, तर मात्र भाऊजी अजून जेवत्या ताटावरून उठतात.