सासूबाई तीच!

विश्वास ठेवायचा कोणावर, सांगा तुम्ही... भाचीवर की जावयावर? बसा हो, तुमचे स्क्रू सापडेपर्यंत ऐका! या दुकानात चार हजार डबे, कुठल्यात काय ते फक्त या कॉम्प्युटरला ठाऊक, कारण डब्यांवरच्या चिठ्ठ्या मीच तो आल्याच्या हौसेनं खरवडून काढल्या, आणि वीस वर्षांपूर्वी ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला ते मास्तर परवा म्हणतात, "शेठ, महिनाअखेरीला मी काम सोडतो. जुनं झालंय, बदलून घ्या."

प्रोग्रामची भाषा म्हणे जावा. आमची ही आतून ओरडली, "जावा जावा, उभा दावा! दोघींत तीस वर्षं काढलीत मी, ही तिसरी कशाला? काढा तिला!" काढा म्हणे... आणि आणू कोणाला?

तुम्हाला सांगतो, आधी भाची आली. "मामा, फंक्शनल भाषा घ्या. तिच्यात एकदा मांडलेलं बदलतच नाही." अगं, मग शंभर खिळ्यांतले दहा विकले तर? "शंभरचा डबा शंभरचाच राहतो मामा, नव्वदचा नवा डबा होतो." गिऱ्हाइकागणिक नवा डबा? ठेवू कुठे, डोक्यावर?

तेवढ्यात जावईबापू, आवाज अगदी मखमली, "बाबा, नवी भाषा घ्या. जावासारखीच, पण बडबड कमी. फक्त डब्यात हात घालण्याआधी विचारायचं, आत काही आहे का? न विचारता घातलात तर प्रोग्राम सुरूच होणार नाही." माझ्याच दुकानात मीच परवानगी मागू?

मग जुंपली! "भाऊजी, तुमची नवी भाषा आमच्याच युक्त्या उसन्या घेते!" "पण वाचून कळते तरी, मेव्हणीबाई!" शेवटी कोपऱ्यात बसलेले मास्तर खोकले, "भांडता कशाला? तुमच्या दोन्ही भाषा चालतात जावाच्याच यंत्रावर." की आतून ही, "म्हणजे सासूबाई तीच!"

हसू नका... पुढचं ऐका. दोघं एका सुरात म्हणाले, "भाषा कुठलीही घ्या, आधी सगळा माल हातानं मोजा. जुने आकडे खोटे आहेत." खोटे? मास्तर छताकडे बघत म्हणाले, "शेठ, तुम्हीच म्हणाला होतात, पडद्यावर शून्य दिसलं की दिवस वाईट जातो. म्हणून शून्य आलं की मी पाच दाखवतो." वीस वर्षं! अहो, वीस वर्षं मी नसलेल्या मालावर सुखानं झोपलो!

आता महिनाअखेरीला उरले नऊ दिवस. तुमचे स्क्रूसुद्धा पडद्यावर पाचच दिसतायत... तेव्हा तुम्ही असं करा, ही वही धरा, त्या भिंतीपासून सुरू करा, आणि डबा रिकामा निघाला तर, हात जोडतो, माझ्या तोंडाकडे न बघता शून्यच लिहा.