डोणगावच्या आखाड्यातल्या एकवीस खुंट्या

समारंभाचे अध्यक्ष भगवानराव पाटील, मांडलेली खुर्ची सोडून सतरंजीवर बसलेले आपले वस्ताद बद्रुद्दीनसाहेब, आणि या आखाड्याच्या मातीत घाम गाळलेल्या गुरुबंधूंनो, तीन आठवडे आपला बाजार भरलेला नाही. दिवस मावळायच्या आत दारांना अडसर पडतात. स्वतःच्या आळीतून चालतानाही आपण मागे वळून पाहतो. ही तक्रार इथल्या प्रत्येकाची आहे, तो कोणत्याही आळीचा असो. पण ती करायची कोणाविरुद्ध?

वस्तादांचा गौरव करायला मला उभं केलं आहे. शाल आहे, नारळ आहे. बाहेर गाडी जुंपली आहे; बत्तीस वर्षांनी वस्ताद जालन्याला लेकीकडे निघालेत. निमंत्रणात कारण दिलं आहे 'वयोमान'. अध्यक्षमहाराज, राग मानू नका, ते खोटं आहे.

मागच्या भिंतीकडे बघा. एकवीस खुंट्या आहेत. आखाड्याचा दंडक असा, की काठी खुंटीवरून घ्यायची आणि मेहनत झाली की खुंटीवर ठेवायची. घरी न्यायची नाही. मी एकदा विचारलं होतं, "वस्ताद, वाटेत कोणी आडवा आला तर?" ते म्हणाले, "घरी नेशीन त काठी तुले शिकवन बे. इथं ठेवशीन त तू काठीले शिकवशीन."

कय्यूम माझा जोडीदार. त्याच्या तळहातावरचं लिंबू मी दांडपट्ट्यानं कापलं आहे. पहिल्या दिवशी मी तीनदा पट्टा उचलला आणि तीनदा खाली घेतला. कय्यूम म्हणाला, "काऊन भेऊन राह्यला बे? हात माहा हाय का तुहा?" सगळा आखाडा हसला. सज्जनहो, वार करायला मी महिन्याभरात शिकलो. लिंबू कापलं की तिथंच थांबायला दोन वर्षं लागली. वस्तादांनी शिकवलं ते हे थांबणं. दुसरं काय असतं या विद्येत?

आणि तीन आठवड्यांपूर्वी मी काय केलं? नागपूरहून आलेलं वर्तमानपत्र चावडीवर वाचलं. दूरच्या एका शहरातल्या दंग्याची बातमी होती. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. मी ती वाचली नाही, गाजवली. जिथं थांबायचं तिथं थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सात खुंट्या रिकाम्या होत्या. आठवड्यात एकही काठी भिंतीवर उरली नाही. पहिली गेली ती माझी.

मंगळवारी दिवेलागणीला माझं दार वाजलं. "शेषराव, मी कय्यूम. दार उघड. वस्ताद गाव सोडून चालले. तू बोलशीन त थांबतीन."

मी दाराआड, काठी दोन्ही हातांनी आवळून. त्याच्यासोबत कोण असेल? त्याच्या हातात काय असेल? ज्या हातावर मी लिंबू कापलं, त्या हाताला मी भ्यालो. अडसर काढला नाही. त्यानं पुन्हा एकदा कडी वाजवली. मग "बरं, राहू दे," म्हणाला आणि गेला.

चुलीपासून माझी आई, गोजरबाई, म्हणाली, "कोन होतं रे?"

"कोणी नाही."

"कोनी नाही, त काठी काऊन धरून राह्यला?"

कय्यूम, तू त्या खांबाशी उभा आहेस. मी घरात होतो.

मी दुसऱ्या दिवशी वस्तादांकडे गेलो, तेव्हा उशीर झाला होता. "रिकाम्या खुंट्याइचा मी वस्ताद नाही," एवढंच ते बोलले.

मला अजून भीती वाटते. उद्या बाजार भरवायचं ठरलं आहे. एकवीस दारांआड एकवीस काठ्या, आणि प्रत्येकीजवळ थांबायचं विसरलेला एक माणूस. एखादा बैल बुजला, एखादी आरोळी उठली, तर आपल्याला थांब म्हणणारं गावात कोण उरेल?

पाटलांनी बोलू दिलं, वस्तादांनी ऐकून घेतलं, दोघांचा मी ऋणी आहे. कोणाला लागलं असेल तर पोटात घाला. काठीला खुंटी आहे, माझ्या जिभेला नाही.

ही माझी काठी. सतरंजीखाली लपवली होती. आजही, इथंही, सोबत आणली होती. ती मी खुंटीवर ठेवतो आहे.

वीस राहिल्या. हार घालायची घाई करू नका. उठा, घरी जा, दाराआडची काठी आणा आणि आपापल्या खुंटीवर ठेवा. लवकर जा. बैल जुंपलेले आहेत.