कविता कानडीत गेली तेव्हा

माझं नाव सुजाता. जन्म हुबळीतलाच. अप्पा दुर्गदबैलाच्या बाजारात हातगाडी ओढायचे, कापडाचे गठ्ठे, धान्याची पोती. आज्जा सांगलीकडनं इकडं कामाला आला तो परत गेलाच न्हाई, म्हणून आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याभाईर कानडी. भांडायचं कानडीत, रडायचं मराठीत, असं आमचं. मराठी शाळेत सातवीपतोर शिकले, मग लग्न, मग गोकुळ रोडला पत्र्याचे पार्ट काढायच्या एका शॉपमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात लागले, ती अजून तिथंच हाय.

कविता कशी आली, काय सांगू तुमाला. जयंतीला विहारात बायका गाणी म्हणायच्या, मी त्यात आपल्या चार ओळी घालायचे, तिथनं नाद लागला. शॉपमध्ये मालक कानडी, सुपरवायझर कानडी, मशीनवरच्या बायका कानडी, मी काय लिहिते कुणाला कळायचं न्हाई, आणि मला त्याचंच बरं वाटायचं. काय बी लिहावं, कोण विचारतंय. पांघरूण घेतल्यागत वाटायचं बगा.

शेजारच्या प्रेसवर गंगव्वा अक्का होती. प्रेस म्हणजे पायानं पायडल दाबलं की वरनं लोखंड धाडकन खाली येतं आणि पत्रा कापतं. मला काम तिनंच शिकवलं, डबा आमचा एकत्र, भाकरी तिची आणि भाजी माझी. एक दिवस अक्कानं पायडल एकदाच दाबलं आणि प्रेस दोनदा खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं जाळी असती तर हात आत गेलाच नसता, पण जाळीनं काम हळू होतंय म्हणून ती काढून ठेवलेली. मालकानं दवाखाना केला, तिच्या जागेवर तिच्या लेकीला, रेणुकाला घेतलं. फक्त अक्कानं म्हणायचं, माझंच लक्ष नव्हतं. अक्का तसं म्हणाली. नवरा न्हाई, चूल पेटायला पायजे की.

त्यावर मी कविता लिहिली. विहारातल्या सरांनी ती ऐकली आणि म्हणाले, धारवाडला कवितेचा मोठा उत्सव असतोय, त्याच्या कार्यशाळेला कानडी सोडून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांना, आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना फेलोशिप देतात, राहणं, खाणं, बुडलेला पगार सुद्धा. मी हसले. त्यांनीच कविता पाठवली, आणि निवड झाली. मालकाला सांगितलं, पावण्यात लग्न हाय. नवरा ऑटो चालवतोय, त्यानं बसस्टँडवर सोडलं आणि म्हणाला, जा, पण शॉपमधलं काय बोलू नको.

तिथं कोण उर्दूत लिहिणारं, कोण लंबाणीत म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, कोण कोंकणीत. प्रत्येकाला एक कानडी कवी जोडून दिलेला, दोघांनी बसून कविता कानडीत न्यायची, हीच कार्यशाळा. मला शैलजा मॅडम मिळाल्या, कॉलेजात शिकवतात, जीव लावणारी बाई. एका एका शब्दावर आमी तासनतास बसायचो. मग त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचली, आणि काय सांगू, चहा वाटणारी बाई किटली हातात धरून तशीच उभी राहिली. मला म्हणाली, यव्वा, हे कुठल्या शॉपचं? माझ्या भावाच्या शॉपमध्ये बी असंच हाय.

आतापतोर कविता माझ्यापाशी होती. आता ती अक्काच्या भाषेत गेली होती, मालकाच्या बी. मॅडम म्हणाल्या, उद्या शेवटच्या दिवशी हीच वाचायची, दोन्ही भाषेत, पेपरवाले येणार हैत. मी म्हणाले, मॅडम, मला आधी हुबळीला जाऊन यायला पायजे.

दिवेलागणीला अक्काच्या दारात पोचले. रेणुका नुकतीच कामावरनं आलेली, हातपाय धूत होती. मी अक्काला म्हणाले, तुझ्यावर लिहिलंय, उद्या धारवाडच्या उत्सवात वाचायची हाय, तू ऐक, मग काय ते सांग. कानडीत वाचली. प्रेस वर गेला, बोटं खालीच राहिली, आणि अक्का किंचाळली, अशी ओळ होती. अक्कानं मला तिथंच थांबवलं. नान कूगलिल्ल, म्हणाली. मी ओरडले न्हाई. ओरडलीस तू. मी नुसती बघत होते, हे माझंच हाय का म्हणून.

खरं होतं ते. मलाच आठवत नव्हतं.

मग म्हणाली, बेड, नको. वाचू नको. पोरीचं काम जाईल, तू काय देणार हैस का? मी विचारलं, रेणुका कुठल्या प्रेसवर हाय? अक्का म्हणाली, त्याच. जाळी लावली? अक्का चुलीतलं लाकूड पुढं सारू लागली. मी म्हणाले, अक्का, उद्या हिचं काय झालं तर? तशी ती उठली, दाराकडं हात केला, ऊठ, माझ्या घरातनं ऊठ. इतक्या वर्षांत तिनं मला कधी असं हाकललं नव्हतं. रेणुका खाली मान घालून बसलेली.

दुसऱ्या दिवशी मी धारवाडला परत येऊन आईवरची दुसरी कविता घेऊन हॉलमध्ये बसले. मॅडमना सांगितलं, ती वाचणार न्हाई. त्या रागावल्या न्हाईत, पण त्यांचं तोंड उतरलं. माझं नाव पुकारायला दोघंच राहिले होते, तेवढ्यात दारातनं अक्का आली, मागं रेणुका. अक्का माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तिचा श्वास लागलेला. म्हणाली, तू गेल्यावर ही बोलली. परवा प्रेस परत दोनदा आला. हिनं हात नुकताच काढला होता म्हणून वाचली, आणि मला भिऊन सांगितलं न्हाई.

मी रेणुकाकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली.

ओदु, म्हणाली अक्का. वाच. माझं नाव घेऊ नको, आणि ते किंचाळलेलं बदल.

मी उभी राहिले. नाव गाळलं, ओळ बदलली. अक्का बघत राहिली, आणि किंचाळले मी. मराठीत वाचलं तेव्हा हॉल ऐकत होता, कानडीत वाचलं तेव्हा पेपरवाले लिहून घ्यायला लागले. अक्का पदराखाली हात धरून ताठ बसलेली.

कामावर गेले त्या दिवशी मालकानं केबिनमध्ये बोलावलं. लग्न कसं झालं, म्हणाला. मग पेपर पुढं टाकला, काय वाचलंस तिथं? मी म्हणाले, कविता. कुणाच्या शॉपवर? मी म्हणाले, शॉपचं नाव न्हाई त्यात. म्हणाला, म्हण बघू. मला वाटलं आता संपलं. पण म्हटली, उभ्या उभ्या, कानडीत, सगळी. तो खिडकीतनं भाईर बघत होता. जा, म्हणाला. एवढंच.

दोन दिवस त्या प्रेसवर कुणाला बसवलं न्हाई. मग फिटर आला, पायडल दुरुस्त केलं, पुढं जाळी बसवली. रेणुका तिथंच काम करते. मला मशीनवरनं काढून पॅकिंगला टाकलं, ओव्हरटाइम बंद, सुपरवायझर बोलत न्हाई. अक्का मात्र घरी बोलावते, काय नवं लिहालीस म्हणून विचारते, आणि ऐकून चुका काढते.

बाकीच्या प्रेसना जाळी अजून न्हाई हो. मी विचारते, ते बघू म्हणतात. गेल्या महिन्यात त्यातल्याच एकावर कलघटगीकडची नवी पोरगी आली हाय, हसरी, हात भरभर चालवती. मी खोकी चिकटवता चिकटवता तिच्याकडंच बघत असते. तथागता, तिचे हात शाबूत राहू देत. तिच्यावर कविता लिहायची पाळी माझ्यावर न येवो.