येसूनं मंथ्याला तेल लावलं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्ही पाणी प्या! आता एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनातच द्या, मोठ्यानं दिलंत तर घरी गेल्यावर भांडण व्हायचं!

आपल्या घरच्या माणसाच्या हातून चूक झाली. चारचौघांत झाली. सगळं गाव बघतंय. अशा वेळी आपण उभं कुठं राहायचं? गावाच्या बाजूला, की त्या माणसाच्या?

ते खांबाला टेकलेले आप्पा म्हणतायत, "महाराज, त्यात काय विचारायचं!" असं? मग ऐका, आप्पा!

कोकणात समुद्राच्या काठाला एक गाव होतं. त्या गावची होळी काडेपेटीनं पेटत नसे. देवीच्या होळीला काडी ओढायची? छे! तिथं लाकडावर लाकूड घुसळून आग काढायची. कशी? एक फळी घ्यायची, पांगाऱ्याची, खडखडीत वाळलेली. तिला खाच पाडायची. खाचेत उभी दांडी, तिला म्हणायचं मंथा. मंथ्याला सुंभाचा वेढा द्यायचा. एकानं वरून करवंटी धरून मंथा दाबायचा, दुसऱ्यानं ताक घुसळतात तसा सुंभ ओढायचा. घर्र घर्र! घर्र घर्र! मग धूर निघतो, काळा भुगा पडतो अन् त्या भुग्यात विस्तव धरतो. तो उचलायचा काथ्याच्या पुंजक्यात आणि हळू फुंकायचं. हळू! जोरात फुंकलंत की उडाला! संसारातसुद्धा हेच आहे म्हणा... मावशी हसल्या, म्हणजे पटलं!

तर ही आग काढायचा मान रावजी शिगवणांच्या घराचा. बापजाद्यांपासूनचा! रावजी म्हणजे तापट माणूस. चहात साखर कमी पडली तर कप आपटायचे, पण पुन्हा तोच चहा पिऊन टाकायचे! बायको तानूबाई. मुलगा बोटीवर नोकरीला, लांब. आणि त्या वर्षी घरात नवी सून आली होती. येसू. घाटावरची पोर! तिला समुद्र नवा, शिमगा नवा, सासू-सासरे नवे. आणि पहिलाच शिमगा. देवीची पालखी दारात येणार, अन् येसू आपल्या हातानं देवीची ओटी भरणार! पोरीनं माहेरून आणलेलं हिरवं लुगडं त्यासाठी घडी न मोडता ठेवलेलं.

होळीच्या सकाळी तानूबाई घाईत. पुरण शिजतंय, रवळीत तांदूळ निथळतायत. तिथूनच ओरडल्या, "येसू, मंथ्याला तेल लावून ठेव गो!"

झालं! इथंच घोटाळा झाला, मंडळी!

तेल लावायचं कुठं? वरच्या टोकाला. करवंटीत फिरतं त्या टोकाला, म्हणजे ते सुळसुळीत फिरेल. खाली? खाली थेंब लागता कामा नये! खाली घासलं पाहिजे, तरच आग. हे सासूला ठाऊक. सुनेला कुणी सांगितलं? कुणीच नाही! तिच्या माहेरी आग काढायची चकमकीनं. गारगोटीवर लोखंडाचा तुकडा मारायचा, शेवरीच्या कापसात ठिणगी धरायची. आणि त्या लोखंडाला वर्षभर तेल लावून ठेवायचं, गंजू नये म्हणून. येसूनं विचार केला, आपल्या सासऱ्यांचा मान आहे, जपायला हवा. बसली पोर मांडी घालून! मंथ्याला वरपासून खालपर्यंत तेल. फळीला तेल. खाचेत बोट घालून तेल! लाकूड कसं चकाकतंय! तिनं ते फडक्यात गुंडाळून ठेवलं.

संध्याकाळ झाली. माळावर गाव जमलं. नियम असा, की सूर्य बुडायच्या आत आग निघाली पाहिजे, नाहीतर मान दुसऱ्या घराकडं. दुसरं घर कुणाचं? दाजी घागांचं. आयुष्यभर या मानाकडं डोळे लावून बसलेले गृहस्थ! एकटे, बायको केव्हाच वारलेली.

रावजींनी करवंटी दाबली. पुतण्यानं सुंभ ओढला. घर्र... सुईंऽऽ! मंथा गरगर फिरतोय, पण धूर नाही! पुन्हा. धूर नाही! रावजींना घाम फुटला, सूर्य पाण्याला टेकला. रावजींनी खाचेत बोट घातलं. बोट नाकाशी नेलं. खोबरेल!

तोवर सूर्य बुडाला.

गावकर पुढं आले. गावकर म्हणजे गावचे मुख्य, शब्द त्यांचा. म्हणाले, "रावजी, वेळ गेली. पण लाकडाला कुणी तेल लावलंय. ज्यानं लावलं त्याचं नाव सांगा. त्यानं यंदा पालखीला हात लावायचा नाही, पालखी आली की दारातसुद्धा यायचं नाही. मग दोष घराचा नाही, मान तुमच्याकडंच राहील."

तानूबाई पुढं झाल्या. "मी लावलं!"

मागून रडका आवाज आला. "नाही हो! आत्याबाईंनी नुसतं सांगितलं. लावलं मी!"

"तू गप गो! मी नीट सांगितलं नाही!"

"पण बोट माझं होतं, आत्याबाई!"

मंडळी, चूक आपल्या अंगावर घ्यायला दोघी भांडतायत. सासू-सुना! आमच्या कीर्तनाला हे भांडण बघायला मिळत नाही हो!

रावजी उठले. चेहरा लालबुंद. गाव म्हणालं, आता बसली पोरीच्या थोबाडीत! येसूनं डोळे मिटले.

रावजी गावकरांकडं वळले. "नाव हवं तुम्हाला? शिगवण. आमच्या घरात तेवढं एकच नाव आहे."

"अरे, मान जाईल, रावजी!"

"जाऊ दे! मान माझ्या आजानं सांभाळला, बापानं सांभाळला. पण ही पोर आईबाप सोडून माझ्या भरवशावर घाट उतरून आलीय. तिला दाराआड बसवून मी देवीपुढं कुठल्या तोंडानं उभा राहू? दाजी, घे ही करवंटी!"

असं म्हणाले खरे, पण करवंटी देण्याआधी धोतराच्या सोग्यानं दोनदा पुसली. पुसणारच हो! बापाचा हात लागलेली करवंटी ती!

दाजींनी ती घेतली. जन्मभर हवी होती ना? मिळाली! फळी उलटी केली, खालची बाजू कोरडी होती. कोयत्यानं नवी खाच पाडली, मंथ्याचं तेलकट टोक तासून आतलं कोरडं लाकूड काढलं. सुंभ गुंडाळला. आणि थांबले.

"रावजी, दाबणार कोण? मला एकट्याला जमतंय होय? ये की!"

रावजी गेले. एकानं दाबलं, एकानं ओढलं. दोन म्हातारे धापा टाकतायत! धूर आला! भुगा पडला, काळा, आणि आत लाल ठिपका! काथ्याच्या पुंजक्यात तो घेतला. आता फुंकायचं, अन् फुंकायचं मानकऱ्याच्या घरच्या बाईनं. दाजींच्या घरी बाई कुठली?

दाजींनी गर्दीत बघितलं. म्हणाले, "येसू, इकडं ये बाळ. माझ्या घरी लेक असती तर तुझ्याएवढीच असती. फुंक. हळू."

पोर गुडघ्यावर बसली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. फुंकलं. धूर दाटला... दाटला... आणि भक्कन जाळ! होळी पेटली, गावानं बोंब ठोकली, अन् रावजी शिगवण, ते तापट रावजी, सगळ्यांत मोठ्यानं!

दुसऱ्या दिवशी पालखी शिगवणांच्या दारी आली. हिरवं लुगडं नेसून येसूनं ओटी भरली. आणि दाजी कुठं होते? ओसरीवर! तानूबाई पुरणपोळी वाढतायत, रावजी "आणखी एक घे, मानकरी!" म्हणून चिडवतायत!

आता बोला, आप्पा! सोपं आहे?

गेल्या महिन्यात तुमच्या नातवाचा निकाल लागला, पोरगं नापास झालं. शेजारी आले होते. त्यांच्यादेखत तुम्ही काय बोललात त्याला? मी होतो तिथं, मला ठाऊक आहे! खाली बघू नका, मी एकट्या तुम्हालाच नाही विचारत. माई, सुनेची खीर करपली तेव्हा पाहुण्यांना आधी कुणी सांगितलं, "मी नाही हं केली"? बापूराव, तुम्ही? बघा, देवळात सगळ्यांनाच आपापलं काहीतरी आठवलं!

पोरगं अजून जागं असेल, आप्पा. आरती मी सांभाळतो. तुम्ही उठा, घरी जा, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवा. देवी रागावायची नाही, माझी हमी!

बोला मंडळी, चुकल्या लेकराला पदराआड घेणाऱ्या आईचा जयजयकार!