बर्फातलं भरीत

जळगाव स्टेशनात तिकिटाच्या रांगेत पुढल्या मुलाच्या मोळीतली काडी भूमिकाच्या साडीत अडकली. कपाशीच्या वाळक्या काड्या आणि गोणीभर वांगी घेऊन तो मनालीला निघाला होता. त्याला सोडायला त्याची पारोळ्याची मामी आली होती. भूमिका हळूहळू काडी सोडवत राहिली; रांग हलत नव्हती, घाई तिलाही नव्हती.

“तेजस, मुलीच्या वडिलांचा परत फोन येईल. पोरगा काय करतो म्हणून सांगू?”

“सांग ना. उन्हाळ्यात रावेरला केळीच्या गाड्या भरतो, हिवाळ्यात मनालीच्या हॉटेलात भरीत करतो.”

“हे काय काम शे? नरडाण्याच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडली तू!”

“सोडलीच. मामी, आंबा बारा महिने येत नाही, म्हणून त्याला कोणी बेकार म्हणतं का?”

“तोंड लई चालतं. आणि ह्या काड्या कशाला? तिकडे गॅस नाही?”

“गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही. पहिल्या वर्षी काड्या न्यायला विसरलो. देवदाराच्या लाकडावर वांगी भाजली, तर भरिताला राळेचा वास! अख्खं पातेलं मीच फेकून दिलं. मालक केवढा ओरडला. आता तोच फोन करून विचारतो, काड्या निघाल्या का?”

“खातं कोण तिथं?”

“बाहेर बर्फ पडत असतो आणि लोक ताट धरून रांगेत उभे असतात. सहा वर्षं झाली, मामी.”

मामीचा फोन वाजला.

“हां, बोला भाऊ... नाही, नोकरी नाही करत... अहो, आमचा तेजस बर्फात भरीत करतो! तुमच्या पाहण्यात शे का असा दुसरा कोणी?”